जिवंत आमिषाचा रॉड

शारजात रोला चौकातून खाडीकडे उतरायला लागलं की मासळी बाजाराच्या अलीकडे तय्यबशेठचं दुकान होतं. जाळी, दोरखंड, शिसं, होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग, आणि मागच्या भिंतीला ओळीनं उभे केलेले मासेमारीचे रॉड. तय्यबशेठ रत्नागिरीकडचे. गल्ल्यावर ते बसत, पण रॉडच्या गिऱ्हाइकाला ते स्वतः कधी हात लावत नसत. मान न उचलता हाक मारत, "आत्माराम, देख जरा."

आत्माराम मोंडकर मूळचा मालवणजवळच्या देवबागचा. वडील होडी घेऊन गरवायला, गरी टाकून मासे धरायला, जायचे. गरीला बांधलेला नायलॉनचा धागा, तंगूस, थेट बोटावर धरायचा आणि खाली मासा काय करतोय ते बोटाला विचारायचं, एवढंच त्यांना ठाऊक. काठीनं मासे धरणं हा त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग होता. आत्मारामने रॉड पहिल्यांदा हातात धरला तो शारजात, चौतिसाव्या वर्षी. पण बोटांत वडिलांचं शिक्षण होतं, त्यामुळे दोन वर्षांत अशी वेळ आली की अरबी शेखाच्या ड्रायव्हरपासून पठाण टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे त्याच्याकडूनच रॉड निवडून घ्यायला येऊ लागले.

त्याची एक रीत होती. रॉडचा बुंधा तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, डोळे मिटायला सांगायचा आणि स्वतः शेंड्याचं टोक दोन बोटांत धरून अगदी हलके ओढायचा. "कधी कळलं ते सांगा." काहींना लगेच कळायचं, काहींना शेंडा वितभर वाकला तरी पत्ता नसायचा. त्यावरून तो कुठला रॉड कोणाचा ते ठरवायचा.

१९९४ च्या फेब्रुवारीत एका गुरुवारी संध्याकाळी दुकानात शैलेंद्र आगटे आला. पुण्याचा इंजिनिअर, शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघणारा. बायको अनुपमा शाळेत गणित शिकवायची, मुलगी आठ वर्षांची. त्यानं आल्या आल्या खिशातून कागद काढला. त्यावर प्रश्न लिहून आणले होते.

"मला जिवंत आमिषाचा रॉड पाहिजे. सुरमईसाठी. शिपमेंटमधला एक मित्र म्हणाला की आमिष जिवंत असलं की मोठा मासा येतोच."

आत्मारामला अशी गिऱ्हाइकं आवडायची. त्यानं पिवळट काचतंतूंचा, मऊ शेंड्याचा, लांब रॉड काढला. "जिवंत आमिषाला हा. बघा साहेब, गरीला लावलेला छोटा मासा, पेडवा, पाण्यात पोहत राहिला पाहिजे. शेंडा ताठ असला की प्रत्येक लाटेला पेडव्याला हिसका बसतो, तो मरतो. आणि मोठा मासा आमिष धरतो तेव्हा लगेच गिळत नाही, तोंडात घेऊन थोडा चालतो. तेव्हा त्याला वाटता कामा नये की मागे कोणी आहे. शेंडा मऊ, बुंधा दणकट."

शैलेंद्रने डोळे मिटले. आत्मारामने टोक जेमतेम हलवलं आणि तो लगेच म्हणाला, "आता." मग हसला. "पण हा मोडेल हो. हातात लेचापेचा वाटतो."

त्याची नजर शेजारच्या काळ्या रॉडवर गेली होती. जाड, ताठ, चकचकीत. तो रॉड दोन वर्षं भिंतीला उभा होता. गल्ल्यावरून तय्यबशेठनी आत्मारामकडे बघितलं आणि नजरेनंच तो काळा रॉड दाखवला.

आत्मारामने मऊ रॉड जागेवर ठेवला आणि काळा खाली काढला. "मग हा घ्या. यावर काही तुटणार नाही."

दोनशे चाळीस दिरहम. शैलेंद्रने लगेच मोठ्यांदा हिशोब केला, "म्हणजे दोन हजारांच्या वर रुपये! हा पाण्यात पडला तर बायको मला घरात घ्यायची नाही." त्यावर आत्मारामनेच नायलॉनची दोरी काढली, एक टोक रॉडच्या बुंध्याला बांधलं, दुसऱ्या टोकाला मनगटात अडकवायचा फास केला. गाठ त्याच्या वडिलांची होती. जाताना, प्रत्येकाला सांगायचा ते सगळं त्यालाही सांगितलं: गरी पाठीच्या काट्याखालून घाला, पेडव्यांची बादली उन्हात ठेवू नका, तिच्यातलं पाणी बदलत राहा, नाहीतर आमिष गुदमरतं. शैलेंद्रने तेही कागदावर लिहून घेतलं.

रविवारी सकाळी तय्यबशेठनी इंग्रजी पेपर उघडून एक लहानशी बातमी वाचून दाखवली. अजमानच्या पुढे, दगडांच्या बांधावर मासेमारी करणारा एक भारतीय इंजिनिअर शुक्रवारी लाटेनं ओढला गेला. शोध चालू आहे. नाव वाचून त्यांनी चष्मा काढला. "अरे, ये तो अपना पुनावाला."

शोध चार दिवस चालला. शैलेंद्र सापडला नाही.

रॉड मात्र सापडला. दहाव्या दिवशी एका मल्याळी मच्छीमारानं तो दुकानात आणून दिला. त्याच्या जाळ्यात आला होता आणि बुंध्यावर दुकानाचं स्टिकर होतं. तय्यबशेठ म्हणाले, पोलिसांत देऊन ये. आत्माराम हो म्हणाला आणि गेला नाही. पोलीस म्हटलं की पासपोर्ट, व्हिसा, प्रश्न. पण खरं कारण वेगळं होतं. रॉडला दोरी तशीच होती. दोरीच्या टोकाचा फास तसाच होता, त्यानं बांधला तसा, मनगटाएवढा, रिकामा.

त्या दिवशी त्याच्या डोक्यात एक चित्र तयार झालं आणि ते तिथंच राहिलं. मोठा मासा लागलाय. मऊ रॉड असता तर वाकला असता, फार तर मोडला असता. हा वाकत नाही. तंगूस जाड, तोही त्यानंच भरून दिलेला. माणूस सोडायला बघतोय आणि मनगटात फास आहे.

त्यानं रॉड मागच्या खोलीत, जाळ्यांच्या गठ्ठ्यांमागे उभा केला.

दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. तय्यबशेठ जेवायला घरी जायचे, आत्माराम शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत खोक्यांवर पडायचा. साधारण पंधरा दिवसांनी, भर दुपारी, त्यानं रीळ वाजल्याचं ऐकलं. मासा तंगूस ओढतो तेव्हा रिळातून निघते ती किरकिर. दोन सेकंद, मग शांत. उंदीर असेल म्हणून उठून बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानं रीळ उघडून आतली आवाज करणारी पट्टीच काढून टाकली. आठवडाभर काही नाही. मग एका दुपारी पुन्हा किरकिर, या वेळी जरा लांब, जणू मासा दूर जातोय.

पुढे रॉडच्या बुंध्याखाली फरशीवर ओल दिसायला लागली. एसीचं पाणी असणार म्हणून त्यानं रॉड उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. चार दिवसांनी तिथंही ताटलीएवढी ओल. आत्मारामने इकडेतिकडे बघितलं, वाकून बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

खारट होतं.

हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. गावी बायकोला, कुमुदला, दर पंधरवड्याला फोन करायचा, तिलाही नाही. रॉड फेकून द्यायचं दोनदा ठरवलं, एकदा तर खाडीच्या धक्क्यापर्यंत घेऊनही गेला. पण पाण्यात टाकायचा म्हणजे त्याच्याकडेच परत द्यायचा, असं काहीसं वाटलं आणि तो घेऊन परत आला.

अनुपमा आगटे पुण्याला परत गेली नाही. ती शाळेत शिकवत राहिली. लोक म्हणायचे, प्रेत मिळालं नाही ना, म्हणून बाईचा पाय निघत नाही. आत्माराम तिला भेटायला गेला नाही. पहिल्या महिन्यात धीर झाला नाही, पुढे उशीर झाला आणि नंतर जाणं अशक्यच होऊन बसलं. रोलाच्या भाजीवाल्याकडे ती एकदा समोर आली; पुढे पेपरात आलेल्या फोटोवरून त्यानं तिला ओळखलं. तो हातातली भेंडी टाकून दुसऱ्या दारानं बाहेर पडला. तिनं त्याला कधी पाहिलंच नव्हतं, हे त्याला रस्ता ओलांडल्यावर आठवलं.

आणि जिवंत आमिषाचा रॉड विकणं त्यानं बंद केलं. कोणी मागितला की सांगायचा, "छोडो हबीबी, रबर का मछली लो. झंझट नहीं." जुनी गिऱ्हाइकं तुटली. तय्यबशेठना एक दिवस कळलं आणि ते खूप बोलले. आत्मारामने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. अशी आठ वर्षं गेली.

२००२ च्या नोव्हेंबरात दुकानात सोळा-सतरा वर्षांची मुलगी आली. शाळेचा युनिफॉर्म, पाठीला बॅग. "अंकल, आय नीड अ रॉड फॉर लाइव्ह बेट."

"जिवंत आमिषाचे रॉड आम्ही ठेवत नाही."

"बट दे आर राइट बिहाइंड यू."

तो मागे न बघता म्हणाला, "ते विकायचे नाहीत." तेव्हा तिनं बॅगेतून एक पिवळं पडलेलं बिल काढलं आणि काउंटरवर ठेवलं. अक्षर त्याचंच होतं. वर नाव लिहिलेलं होतं, 'शैलेंद्र साहेब'.

"ही वॉज माय डॅड," मुलगी म्हणाली. "मला फक्त बघायचंय, ते काय करायला गेले होते तिथं. आय जस्ट वॉन्ट द सेम थिंग."

आत्मारामने बिल उचललं नाही. "दुकान बंद करायची वेळ झाली," एवढंच म्हणाला. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ध्या शटरखालून वाकून अनुपमा आत आली. पांढरे होत चाललेले केस, खांद्याला शाळेच्या वह्यांची पिशवी. आत्माराम खोक्यावरून उठून उभा राहिला.

"तुम्हीच का काल शुभ्राला हाकलून दिलंत?" आवाज वर्गातला होता. "आठ वर्षांत तिनं बाबांबद्दल एक प्रश्न विचारला नाही. काल पहिल्यांदा स्वतःहून कुठे गेली, आणि तुम्ही तिच्याशी असं वागलात. का?"

आत्माराम वळला. मागच्या खोलीत गेला, जाळ्यांचे गठ्ठे सरकवले आणि काळा रॉड घेऊन बाहेर आला. तो तिनं कधी बघितलेला नव्हता. गुरुवारी रात्री तो गाडीतच राहिला होता, आणि शुक्रवारी पहाटे शैलेंद्र गेला तेव्हा ती झोपेत होती. तरी तिला कळलं. ती हातातली पिशवी ठेवायची विसरून तशीच उभी राहिली.

मग आत्मारामने सगळं सांगितलं. मऊ रॉड बरोबर होता हे माहीत असून ताठ दिला. मालकाच्या नजरेसाठी दिला. दोरी स्वतःच्या हातानं बांधली. "वहिनी, त्या फासानं त्यांना ओढून नेलं. मी बांधला नसता तर रॉड गेला असता, माणूस राहिला असता."

अनुपमाने पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला कोणी सांगितलं असं?"

"सांगायला कशाला पाहिजे? रॉड बोलतोय ना."

"शौकत नावाचा एक पठाण शेजारच्या दगडावर होता," ती म्हणाली. "टॅक्सी चालवायचा. त्यानं पोलिसांना सांगितलं, मग घरी येऊन मला सांगितलं. मासा वगैरे काही लागला नव्हता. रॉड यांनी वर दगडांच्या फटीत खोचून ठेवला होता. हे बादली घेऊन खाली उतरले होते, शेवाळाच्या दगडावर. पाणी भरायला. लाट आली. शौकत धावला तोवर दुसरी आली, तिनं वरचा रॉडही नेला." तिनं रॉडच्या दोरीकडे बोट केलं. "तुमच्या दोरीचा काही संबंध नाही. तुम्ही एकदा घरी आला असतात तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

आत्माराम खोक्यावर बसला. आठ वर्षं मानेवर असलेलं काहीतरी उतरत असल्यासारखं त्याला वाटलं, पण ते पुरतं उतरलं नाही. मध्येच अडकलं. पाणी भरायला.

"वहिनी," तो म्हणाला, "पाणी बदलत राहा, असं मी सांगितलं होतं."

बाहेर रस्त्यावर एक ट्रक मागे येत होता, त्याची पीप-पीप चालू होती.

"माहीत आहे मला," अनुपमा म्हणाली. "गुरुवारी रात्री जेवताना त्यांनी मला तो कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, बादलीला दोरी बांधून वरूनच पाणी ओढा. म्हणाले, बघू. घरात दोरी होती, कपडे वाळत घालायची. मी उठून काढून दिली नाही. दिवसभर शाळेत उभी होते, पाय दुखत होते." तिनं रॉडच्या बुंध्याला हात लावला आणि लगेच काढला. "हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शुभ्राला तर नाहीच."

आत्मारामने तिला पाण्याचा ग्लास दिला. तिनं तो घेतला, प्याली नाही.

निघताना ती म्हणाली, "ती जाणारच आहे. तुम्ही नाही दिला तर दुसरीकडून घेईल. त्यापेक्षा तुम्ही निवडून द्या. आणि हा मी नेते." टॅक्सीत काळा रॉड मावेना. शेवटी मागची काच खाली करून शेंडा बाहेर ठेवावा लागला, आणि तो तसाच हलत हलत रोलाच्या गर्दीत दिसेनासा झाला.

शुभ्रा आली तेव्हा आत्मारामने तीन रॉड काढून ठेवले होते. तय्यबशेठनी वर बघितलं, पुन्हा पेपरात डोकं घातलं. पहिला रॉड तिच्या हाताला जड होता. दुसऱ्याचा बुंधा हातात देऊन त्यानं तिला डोळे मिटायला सांगितलं. त्यानं टोक हलवलं, तिला कळलं नाही. थोडं जास्त, तरी नाही. तिसरा लांब आणि हलका होता, शेंडा वेताच्या छडीसारखा लवणारा. त्यानं टोकाला नुसतं बोट लावलं, ओढलंसुद्धा नाही.

"नाऊ," ती म्हणाली.

तेवढ्याच वेळात, तसंच, आणखी एकानं सांगितलं होतं.

"हाच," तो म्हणाला. "पण एक अट आहे. दगडांवर जायचं नाही. मी सांगेन तिथं जायचं. मी बरोबर येणार, आणि आईपण."

"आई वोंट कम."

"येतील."

ती आली. शुक्रवारी सकाळी तिघं खाडीच्या तोंडाशी गेली. तिथं सिमेंटचा धक्का होता, छातीएवढा लोखंडी कठडा होता. समुद्र सपाट होता. आत्मारामने बारीक गऱ्यांनी सात-आठ पेडवे धरले आणि बादलीत सोडले. एकाच्या पाठीत गरी घालून शुभ्राला दाखवली. पेडवा खाली गेला आणि रॉडचा शेंडा एकसारखा थरथरू लागला. "तो जिवंत आहे म्हणून," आत्माराम म्हणाला. "थरथर थांबली की समजायचं, संपलं."

शुभ्रा शेंड्याकडे बघत उभी होती. अनुपमा कठड्याला पाठ लावून बसली होती, पाण्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

तासाभरानं बादलीतले पेडवे वर येऊन तोंड उघडमिट करायला लागले. आत्मारामला दिसत होतं. अनुपमालाही दिसत होतं. शेवटी शुभ्राच म्हणाली, "अंकल, दे आर डाइंग. पाणी चेंज करू का?" आणि तिनं बादलीच्या कडीला हात घातला.

दोघंही एकदम उठली. अनुपमाने मुलीचा दंड इतका घट्ट धरला की ती "आई!" म्हणून ओरडली. आत्मारामच्या हातात दोरी कधी आली ते त्यालाही कळलं नाही. त्यानं कडीला गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा मारली, आणि कठड्याच्या आत उभं राहूनच बादली खाली सोडली. पाणी बादलीत शिरतानाचा आवाज त्यानं ऐकला. शुभ्रा एकदा आईकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून आत्मारामला वाटलं की बरंचसं तिला आत्ताच कळलं असावं.

थोड्या वेळानं शेंडा खाली गेला. "ओढू नको," आत्माराम म्हणाला, "चालू दे त्याला. चालू दे. आता." वर आली ती दीड हाताची टोळ मासळी, लांब चोचीची, हिरवट. शुभ्राने ती धक्क्यावर तडफडताना बघितली.

"सो धिस इज इट," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, मराठीत, "सोडून द्या."

त्यानंतर मागच्या खोलीत रीळ कधी वाजलं नाही. पण दुपारी डोळा लागायच्या बेतात आत्मारामला दुसराच आवाज यायला लागला, बादली बुडताना हवा बाहेर पडते तसा. तो उठायचा आणि नळ बंद आहे का बघून यायचा. गिऱ्हाइकांना जिवंत आमिषाचे रॉड तो पुन्हा निवडून देऊ लागला. प्रत्येकाच्या सामानात वीस फूट दोरी फुकट टाकायचा. तय्यबशेठनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

शुभ्रा पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला गेली. २००४ मध्ये तय्यबशेठनी दुकान विकलं आणि आत्मारामनेही परतायचं ठरवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो अनुपमाच्या घरी गेला. दहा वर्षांनी, पहिल्यांदा. तिनं चहा केला. भिंतीवर शैलेंद्रचा फोटो होता, त्याला हार नव्हता. तिथं हार घालायला ती अजून तयार नव्हती, आणि आत्मारामनेही तिकडे बघून हात जोडले नाहीत.

"कुठे घर बांधलंय म्हणालात?" तिनं विचारलं.

"देवबागला. अगदी किनाऱ्यावर."

"मग खिडकीतून समुद्र दिसत असेल."

आत्मारामने कप बशीत ठेवला. "त्या बाजूला खिडकी काढलेली नाही. कुमुद अजून चिडते. म्हणते, लोक पैसे मोजून येतात समुद्र बघायला, आणि तुम्ही भिंत घातलीत."

"तुम्ही काय सांगता तिला?"

"वारा फार येतो म्हणून सांगतो."

अनुपमाने मान हलवली आणि त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.